टेस्टिंगचा खड्डा

सन दोन हजार सहा. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो, आणि मला न विचारता माझ्या अंगणात छातीएवढा खड्डा खणायची हिंमत करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सकाळी शेतावर गेलो, दुपारी जेवायला परत आलो तर तुळशीशेजारी मातीचा ढीग आणि खड्ड्यातून एक डोकं वर. ते डोकं म्हणालं, "तात्या, पाच किलो मीठ नि पोतंभर कोळसा लागंल." राम राम नाही, काही नाही. मी तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या आणि विचारलं, "मीठ जाडं असंल ना?"

त्याला सगळे टेस्टिंग म्हणत. सापगावचा. शहापूरपासून मुरबाडपर्यंत लग्नाला, पूजेला माइक आणि स्पीकर भाड्याने द्यायचा. माइक हातात आला की दिवसभर हॅलो टेस्टिंग, हॅलो टेस्टिंग, म्हणून ते नाव. तुमच्याही भागात असा एक असेलच. पण आमचा टेस्टिंग गाणं ऐकायचाच नाही. गाण्याच्या खाली काय वाजतंय ते ऐकायचा. कुणाच्याही घरात शिरला की पाणी घ्यायच्या आधी मान वाकडी करून उभा राहायचा आणि सांगायचा, तुमचा पंखा कुरकुरतोय, तुमच्या मीटरला घूं आहे. घरच्या बायांना वाटायचं की अंगात आलंय. मला वाटायचं, हा आगाऊ आहे. आणि तो होताच.

माझा त्याच्यावरचा राग खड्ड्याच्या आधीचा. माझी थोरली बहीण बाय ही धवलारीण होती. आमच्याकडे हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचा एक धवला असतो. धवलारीण तो गाते आणि विधी पुढे जातो. ती गप्प बसली तर नवरी जागची उठत नाही. आमच्या वैशाखऱ्याच्या आसपास दहा गावांत बायशिवाय हळद लागत नसे. नव्वद-एक्क्याण्णव सालापासून टेस्टिंग प्रत्येक लग्नात मांडवाच्या बांबूला बायसाठी एक वेगळा, दोन कानांचा माइक टांगायचा आणि खाली कॅसेट भरायचा. कुणाला विचारून? कुणाला नाही. मला कळलं तेव्हा मी भर मांडवात त्याची गचांडी धरली. "माझ्या बहिणीचा गळा विकतोस काय रे?" तो म्हणाला, "विकीत नाय, तात्या. बाय गाते तवा माझ्या मशीनची सुई एका जागी ऱ्हाते. बाकीचं कोन गायला की थयथय नाचते." मी त्याचा माइक ओढून काढला. पुढच्या लग्नात त्याने तो परत टांगला.

नव्याण्णव साली बाय गेली. तिचा एक धड फोटो नाही आमच्याकडे. आवाज होता, तो सगळा टेस्टिंगकडे. मला जायचं होतं त्याच्याकडे. सात वर्षं मी गेलो नाही. त्याने यावं असं मला वाटत होतं, आणि तो येत नाही म्हणून त्याचाही राग येत होता.

शेवटी तोच आला, पावसाळ्यानंतर, मुरबाडहून जीपमध्ये कॉम्प्युटर मांडीवर घेऊन. ओटीवर पिशवी उपडी केली. एक्केचाळीस कॅसेट. कितीतरी कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी लागलेली. "बाय मरायला लागली, तात्या, दुसऱ्यांदा," तो म्हणाला. "माझं घर गळतं. हिला तुमच्या घरात ठेवू." मी हो म्हटलं नाही. मी फक्त सुनेला चहा टाकायला सांगितला.

मग दोन महिने दर रविवारी तो माझ्या घराचा मालक झाला. भाताच्या कणगीच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवला, कारण त्याच्या पंख्याचा आवाज ओटीवर यायला नको. त्यात दोन डिस्क बसवल्या. दोन्हींत एकच माल, एक मेली तरी दुसरी बोलेल. तिथून वाशांवरून निळी वायर ओटीवर आणली. ओटीवर त्या वायरीतून आवाज बाहेर काढणारी एक डबी, तिच्या पुढे त्याने हाताने जोडलेला अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर. दुसरी डबी स्वयंपाकघरात. ओटीवर सापगावची हळद वाजत असली तरी चुलीपाशी वैशाखऱ्याची वरात वाजवता येईल, असं ते सगळं होतं. कुठल्या परदेशातल्या लोकांनी ते चालवायचं सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटलंय म्हणे. त्यात इंग्रजी नावं होती. मला इंग्रजी येत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने मला न सांगता सगळी नावं मराठीत करून ठेवली, गावाचं नाव, विधी, साल. आभार मानायची मला सवय नाही.

कॅसेट जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ ती आत भरायला लागतो. बुरशी तो स्पिरिटच्या बोळ्याने अशी पुसायचा, जशी तान्ह्याची नाळ पुसावी. पहिल्याच रविवारी मला म्हणाला, "तात्या, कॅशेट संपस्तवर खोकू नका." मी बसलो. तासभर तोंडावर उपरणं दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत बसलो. संपल्यावर सून म्हणाली, आवाज वायरीतून जातो, खोकला कसा जाईल? मी त्याच्याकडे बघितलं. तो वायर गुंडाळत म्हणाला, "जात नाय. पर तुमी बायचं एक लगीन आखं ऐकलेलं नाय कदी. दर येळी कोनाशी तरी भांडायला उठता." त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढू नका असं सांगितलं होतं. सुनेने वाढलं.

मुरबाडच्या बाजारात तेव्हा एका सीडीत दीडशे गाणी मिळत. मी म्हटलं, तसं कर, आटपेल लवकर. त्याला राग आलेला मी तेवढा एकदाच बघितला. "तुमी भात गिरनीत नेता नि तीनदा पालिश मारून आनता काय? पांढरा दिसंल, खायाला कागुद. ती गानी तशी दाबलेली हाइत. मी बायला दाबनार नाय." सगळं जसंच्या तसं भरलं. बायच्या मागे बांगड्या, रडणारं पोर, पाणी मागणारा म्हातारा, फितीचा फस्स आवाज, सगळं. फस्स काढता येतो, त्याने दाखवलं. काढला की बायचा श्वासही थोडा जायचा. तेव्हा त्याने मला नियम सांगितला: "फस्स बायचा हाय, तो ऱ्हानार. घूं आली तर ती माजी. माजी मी काढनार."

आणि घूं होती. दोन खोल्यांतल्या विजेचं भांडण लागतं आणि ते स्पीकरमधून ऐकू येतं, असं तो म्हणाला. भांडण जमिनीत उतरायला वाट पाहिजे. म्हणून तो खड्डा. खाली तांब्याचा पत्रा, वर मिठाचा थर, कोळशाचा थर, पत्र्यापासून घरात गेलेली जाड वायर, आणि मधोमध उभा केलेला पाइप, तुळशीच्या बाजूला वीतभर वर आलेला. "ह्यात पानी घालीत जा, तात्या. माती सुकली की घूं आली." मी म्हटलं, मी तुझा गडी नाही. तो हसला. तुळशीलगत खड्डा घेतला होता तो त्यासाठीच. सून रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची, उरलेलं पाइपात ओतायची. म्हाताऱ्यावर विसंबायचं नाही हे त्याने खणायच्या आधीच ठरवलं होतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हाही रागच आला.

पण घूं गेली. पहिल्यांदा लावलं तेव्हा बाय ओटीवर बसून गायली. तिच्या बांगड्या डाव्या हाताला वाजल्या, आणि ती डाव्याच हाताने ताल धरायची. मी उठून गोठ्यात गेलो. टेस्टिंग मागून आला नाही. तेवढी अक्कल होती त्याला.

दोन वर्षांनी नातीचं लग्न ठरलं, शहापूरकडच्या घरात. गावात धवलारीण उरली नव्हती. पोरींना धवले नकोत, डीजे पाहिजे. मी सगळ्यांना बजावलं, माझ्या नातीची हळद बायच लावील. या घरातल्या प्रत्येक पोरीची तिने लावलीय, हिचीही लावील. मांडवासाठी अंगणात कोबा घालायला गवंडी आणला. तुळस मधे येत होती, ती कोपऱ्यात हलवली. राहिला तो पाइप. दोन वर्षं तो पाइप मला खुपत होता. कुणी आलं की विचारायचं, हा काय? मी गवंड्याला म्हटलं, काप तो जमिनीबरोबर आणि घाल वरून कोबा. सून म्हणाली, ज्यांनी बसवला त्यांना विचारा एकदा. मी म्हटलं, अंगण कुणाचं?

मे महिना. जमिनीला भेगा. हळदीला व्याही आले, पाहुणे बसले, नात पाटावर. टेस्टिंग पाहुणा म्हणून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी माझ्या हाताने बाय लावली. आधी घूं आली. मग घूं वाढली. बाय त्याच्या खाली कुठेतरी, विहिरीत पडलेल्या माणसासारखी. व्याही हसून म्हणाले, "तुमच्या धवलारणीच्या घशात भुंगा गेला वाटतं." सगळा मांडव हसला.

टेस्टिंग उठून जवळ आला. हळूच विचारलं, "तात्या, पायपात पानी?" मला हसणारा मांडव दिसत होता आणि समोर तो. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. माइक भाड्याने देणारा तू, तुझ्यावर विश्वास टाकला ही माझी चूक. बायची माती केलीस. घूं तुझी म्हणाला होतास ना?

तो अंगणात गेला. कोबा बघितला. पाइप होता त्या जागेवर क्षणभर उभा राहिला, मान वाकडी करून, जशी सवय. परत आला. व्याह्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हो तात्या. माजीच."

"मग परत माझ्या ओटीवर चढू नको," मी म्हटलं.

तो गेला. बाय बंद केली. कुणीतरी सिनेमाची गाणी लावली आणि माझ्या नातीला धवल्याशिवाय हळद लागली. या घरात असं पहिल्यांदा झालं.

पावसाळ्यात जमीन भिजली आणि घूं आपोआप गेली. मी सुनेला म्हटलं, बघ, त्याच्यावाचून काही अडत नाही. दिवाळीनंतर घूं परत आली. मी सेट लावायचा बंद केला. तो येईल, असं वाटायचं. मागच्या वेळी तोच आला होता.

त्या थंडीत निरोप आला. मुरबाडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना टेस्टिंगच्या छातीत कळ आली, तिथेच गेला. पन्नाशीचासुद्धा नव्हता. मी दहाव्याला सापगावला गेलो. जाणार नव्हतो, पण गेलो. त्याच्या एका खोलीत छताला पत्र्याचे डबे टांगलेले, गळतीखाली. त्याच्या बायकोने मला ओळखलं. ती रडली नाही, बोलली. त्या हळदीच्या दिवशी घरी आले ते हसतच आले, म्हणाली. तात्यांनी पाइप कापून वर कोबा घातला, असं म्हणाले. "मी बोलले, मंग सांगितला का नाय त्यांना तितंच? तर म्हनले, येही बसलेले ना गो समोर. नातीचं सासर. तिच्या आज्याला येडा ठरवू काय मी?"

मी पाणीही न घेता उठलो. सापगावपासून वैशाखऱ्यापर्यंत, दोन गाड्या बदलून, मी त्याच्यावर संतापलेला होतो. मला झाकायचा हक्क त्याला दिला कुणी? सगळ्यांसमोर बोलायचं होतं, तात्या, तुम्ही मूर्ख आहात. मी भांडलो असतो. त्या मांडवात कोबा फोडला असता, पाणी ओतलं असतं, बायने हळद लावली असती. फार तर माझी मान खाली गेली असती. माझ्या बासष्टाव्या वर्षी अंगणात न विचारता खड्डा खणलास, चौसष्टाव्या वर्षी एवढं बोलायला जीभ उचलली नाही तुझी? माझ्या नातीची हळद कोरडी गेली ती माझ्या पाइपामुळे, आणि ते पाप तू उचलून सापगावला घेऊन गेलास. मला ते परत पाहिजे होतं. माझं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली आणि कोबा फोडला. सून चूल टाकून बाहेर आली. पाइप सापडायला बराच वेळ लागला. त्याच्या तोंडात सिमेंट बसलं होतं, ते सळईने कोरून काढलं. विहिरीवरून कळशी आणून ओतली. माती किती तहानलेली होती ते आवाजावरून कळत होतं. दुसरी ओतली. तिसरी ओतत असताना सून म्हणाली, "तात्या, सेट लावू काय? घूं गेली का बघू."

मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? त्यानं सांगितलं होतं."

आणि चौथी आणायला गेलो.