गोमाशीचा फोटो

फाल्गुन लागला होता. पेडगावच्या आमच्या गोठ्यातला पांढरा बैल तापानं खंगत चालला होता आणि परभणीत मास्तरकी करणाऱ्या माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळा सुटली की मी गुरांच्या दवाखान्यात, बैलाला गोमाशी डसली हे सांगायला.

"गोमाशी पावसाळ्यातली, मास्तर," डॉक्टर म्हणायचे. "या दिवसांत गुरांवर असते ती साधी बगई माशीच. तिच्यानं बैल मरत नाही."

गोमाशी असेल तर रोग रक्तात गेलेला, आणि त्याची सुई हैदराबादेहून मागवावी लागे. मी डबीत मेलेली गोमाशी घालून नेली, तर म्हणाले, "ही कुठूनही आणता येते. बैलाच्या अंगावर बसलेली दाखवा. फोटो जोडला तरच वरून मंजुरी येईल."

गावी दादाला चिठ्ठी धाडली आणि तिसऱ्या दिवशी पेठेतल्या फोटोवाल्याला तिपाईसकट छकड्यात घातलं. जाऊन बघतो तर बैल पोळ्यासारखा सजलेला! वहिनीनं त्याला घासून धुतलेलं, अंगाला करंजाचं तेल, कपाळाला कुंकू, पाठीवर झूल. वर गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर. माशी औषधालाही नव्हती.

"हे काय करून ठेवलं तुम्ही?" मी ओरडलो.

"फोटू काढायचा म्हणल्यावर, भाऊजी," ती चाचरली, "आजारी जित्राब तसंच शेणात उभं करावं का? लोक काय म्हणतील?"

"तुमच्या हौसेपायी बैल मरणार!"

सगळ्या आळीनं ऐकलं. दादा झूल उतरवायला लागला. ऊन कललं तसा फोटोवाला कुरकुरत परतला. त्याला पुन्हा सवड आठ दिवसांनी होती. त्या आठ दिवसांत मी वर्गात पोरांना उगाच छड्या मारल्या. अजून लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला दादा बैलाची शेपटी मुठीत धरून उन्हात उभा राहिला. गोमाशी मानेवर बसली, फोटो निघाला. डॉक्टरांनी भिंग लावलं आणि लगेच तार केली. सुई आली त्याच्या आदल्या दिवशी बैल गेला.

"माझ्याच हातानं गेला," वहिनी पुढं कितीतरी वर्षं म्हणायची.

दादा गेल्यावर त्याच्या ट्रंकेत माझी ती चिठ्ठी सापडली. "फोटोवाल्याला घेऊन येतो. बैल तयार ठेवणे." एवढंच. माशीचं अवाक्षर नव्हतं. दादानं हे मला कधी दाखवलं नाही आणि वहिनीला वाचता येत नव्हतं. ती तेव्हा पलीकडे चुलीपुढं बसली होती. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि तिनं केलेला चहा प्यालो.