दार बोलून राहिलं

"दार बोलून राहिलं तुमचं."

ते कुणाच्याही घरासमोर थांबत आणि दार हलकेच ढकलत. खालची कड फरशीवर करकरली की मान वाकडी करून हे वाक्य म्हणत. नमस्कार त्यानंतर. रुआबांध्याच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना काका म्हणायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे. पोलादाच्या प्लांटमधल्या पॅटर्न शॉपमध्ये, जिथे लोखंड ओतण्याआधी लाकडाचे नमुने घडवतात, तिथे त्यांची सगळी नोकरी झाली होती. बायको वारली होती. घरात ते आणि त्यांचे रंधे.

आमची ओळख खुर्सीपारच्या भंगाराच्या दुकानात झाली. मोडक्या पंख्याखाली मला शिसमाचा एक जुना रंधा दिसला. मी तो उचलला, तेव्हा पलीकडून आलेला एक हात तसाच रिकामा राहिला.

"घ्या, घ्या तुमी," ते म्हणाले. "कन्यादान समजतो."

पुढच्या रविवारी ते घरी हजर. "पोरगी सासरी बरी हाये का, पाहाले आलो." रंधा उलटा करून त्यांनी पात्यावर अंगठा फिरवला. "गंजली ना! जेवाले घालता का नाई जावई माह्या पोरीले?"

आई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. तेव्हापासून मी जावई.

मी क्रेन चालवतो. दिवसभर टनावारी लोखंड उचलतो, पण त्याला माझा हात लागत नाही. काकांनी मला पातं दगडावर घासायला शिकवलं, पाचर ठोकून ते बसवायला शिकवलं. पहिल्यांदा नीट रंधा मारला तेव्हा फळीतून सुस्स असा आवाज निघाला आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ सालपट माझ्या मुठीवर गुंडाळत आलं. मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. ड्यूटीवर, वर केबिनमध्ये, काढून हुंगलं. तुमच्यापैकी ज्याने हे केलंय त्याला मी वेडा वाटणार नाही.

मग त्या पावसाळ्यात गल्लीचा सूर बदलला.

समोरची म्हातारी अंथरुणाला खिळली होती. काकांनी तिचं दार कब्ज्यांवरून उतरवलं, खालची कड रंधून पुन्हा बसवलं. आठवड्यात म्हातारी गेली. नंतर कोपऱ्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तिथेही आधी दार, मग माणूस. शेजारचा मला म्हणाला, "भाऊ, काकाची थैली दिसली का दार लावून घेत जा. मजाक नाई करून राहिलो." बायका मुलांना आत बोलावू लागल्या. काका गल्लीतून चालत, आणि त्यांच्यापुढे दारं करकरत मिटत जात.

मी एकदा धीर करून विचारलं. ते दगडावर पातं घासत होते. हात थांबला नाही.

"माह्या बायकोची तिरडी दारात अडकली होती. दार अर्धंच उघडे. तिले तिरपी करून काढा लागलं, जसं कपाट काढते. तवापासून आजारी मानसाच्या घरचं दार मले पाहावत नाई."

"पण तुम्हाला आधीच कसं समजतं?"

"डोळ्याले समजते, जावई. तोंडानं कावून सांगू?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागलो.

आईचा खोकला वाढला होता. एका सकाळी काका थैली घेऊन आमच्या पायरीवर उभे राहिले. त्यांनी दार ढकललं. दार करकरलं.

"दार बोलून राहिलं तुमचं."

मी चौकटीत आडवा उभा राहिलो. "राहू द्या काका. आज नको."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले आणि वळले. आतून आई ओरडली, "अरे, व्याह्याले चहा तं पाज!" मी दार लावून घेतलं.

आई बरी झाली. काका दिसेनासे झाले. शेवटी मीच त्यांच्याकडे गेलो, तर त्यांचं दार पावसाने फुगून अर्धंच उघडलं. अंग आक्रसून आत शिरावं लागलं. ते खाटेवर होते, गालांची हाडं वर आलेली.

"तुह्या आईसाठी नव्हतो आलो रे," ते म्हणाले. "तुह्या दारावर तुले शिकवतो म्हनलं. मंग तू माहं करशीन. माह्यानं आता उचलत नाई."

मी घरी गेलो. रंधा घेऊन आलो. शेजाऱ्याला हाक मारली. त्याने दार उतरवायला हात लावला आणि लगेच निघून गेला. मी दार अंगणात आडवं टेकवलं. काका आतून सांगत होते, "दोनी टोकाकून मंधात ये. सरळ पार नेशीन तं टोक फाटते."

पुढे जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. सागवान जुनं, पातं धारदार, आणि ती लांब, अखंड सालपटं निघत राहिली. मी कशासाठी रंधतोय हे विसरलो. गरजेपेक्षा दोन हात जास्तच मारले.

"आता बरोबर वाजते," आतून आवाज आला.

काकांची तिरडी सरळ निघाली, तिरपी करावी लागली नाही. दार भिंतीला टेकलं होतं, करकरलं नाही. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी दाराची खालची कड पाहत होतो.

त्यांचे रंधे आता माझ्याकडे आहेत. आजारी माणसाला भेटायला मी रिकाम्या हाताने जातो, तरी बसण्याआधी नजर दाराच्या खालच्या कडेकडे जाते. आणि मग माणसाकडे. कधी कधी समजतं.

यंदा आमचं दार फुगलंय. आई काठी टेकत त्याच्यातून जाते, दर वेळी ते करकरतं.

"कावून नाई मारत रे रंधा?" काल ती म्हणाली. "घरात इतके पडले हायेत."

"धार गेली, माय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. धार मी सकाळीच लावली होती.