कडेवर घेतलं कुणी

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिची लघवीची पिशवी पोटाबाहेर होती. बेंबीखाली लाल मांस उघडं, त्यातून लघवी झिरपायची. परंड्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ओलं फडकं टाकून तेवढं झाकलं आणि पुण्याला न्या म्हणाल्या. गल्लीतल्या बायकांनी ग्रहणाचा विषय काढला. ग्रहणात मी भाजी चिरली असणार म्हणे. मी अंगणवाडी सेविका, दुसऱ्या कुणाला असलं बोलल्या असत्या तर झापलं असतं. पण तेव्हा मीही आठवत बसले, त्या दिवशी विळी हातात घेतली होती का.

पुण्यात नंबर लागेस्तोवर ती सात महिन्यांची झाली. डॉक्टरांनी पिशवी आत घालून पोट शिवलं, कंबरेची फाकलेली हाडं जवळ आणली आणि दोन्ही पाय पट्ट्यांनी एकत्र बांधले. हा आजार फार थोड्या लेकरांना होतो, पहिलंच ऑपरेशन टिकलं तर पुढं लघवी धरून ठेवता येण्याची आशा जास्त, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पाय सुटता कामा नयेत. घरी नेल्यावरही तिला आडवीच ठेवा.

घरी आल्यावर आठव्या दिवशी सासूबाई शेळ्या घेऊन रानात गेल्या होत्या, नवरा कामावर. पोरगी सकाळपासून रडत होती. पट्ट्यांखाली घामोळं उठलं होतं. मी पट्ट्या सोडल्या, अंग पुसलं आणि तिला कडेवर घेतलं. विचार करून नाही, बाईचा हात जातो तसा गेला. ती लगेच गप्प झाली. तिला तशीच घेऊन मी भांडी लावली, वाळत घातलेल्या डाळीवरून हात फिरवला. मग पट्ट्या पुन्हा बांधल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी शिवण उसवली आणि पिशवी परत बाहेर आली.

पाय कुणी सोडले, असं नवऱ्यानं विचारलं ते माझ्याकडं न बघताच. सासूबाईंची कड कधी रिकामी नसायची, साऱ्या गल्लीची पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर. त्यामुळं निकाल लागलेलाच होता.

"म्या न्हाय उचललं," त्या एकदाच म्हणाल्या, नातीच्या डोक्यावर हात ठेवून. मी पीठ चाळत होते, चाळतच राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते माझ्या चुलीपुढं झालं, आणि चोर मी होते. त्यानंतर त्यांनी कुणाचंच मूल कडेवर घेतलं नाही. एखाद्यानं हात वर केले तर त्या खाली बसून त्याला मांडीवर घ्यायच्या. मला ते रोज दिसायचं. मागच्या वर्षी त्या वारल्या.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. पुढची ऑपरेशनं झाली, तरी दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते आणि मधेच कपडे ओले होतात. वर्गात ती शेवटच्या बाकावर एकटी बसते.

या महिन्यात पुण्याला तपासणीला गेलो, तर एक तरुण डॉक्टरीणबाई या आजाराच्या मुलांची माहिती गोळा करत होत्या. कुणाचं पहिलं ऑपरेशन टिकलं, कुणाचं का उसवलं, हे कळलं तर पुढच्या आयांना नीट सांगता येईल म्हणाल्या. तुमचं का उसवलं?

मी तोंड उघडायच्या आत मुलगी बोलली. "आजीनं कडेवर घेतलं हुतं." आपलं गाव सांगावं तशी.

बाईंनी लिहून घेतलं. पोरीच्या जन्माची कथा म्हणून हेच तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते राहू दिलं होतं.

"ते खोडा," मी म्हणाले. "सासूबाई न्हाय. म्या घेतलं हुतं."

त्यांनी खोडलं, दुसरं लिहिलं आणि शांतपणे पुढचा प्रश्न विचारला. मुलगी माझ्याकडं बघत होती.

कुर्डुवाडीला गाडी बदलली. परंड्याच्या गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आजीनं का सांगितलं न्हाय?"

"सांगितलं हुतं. कुणी ऐकलं न्हाय."

तिनं कपड्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तू हुतीस की तिथं," ती म्हणाली.