एकबुट्या मिस्त्री

दूध तापत होतं, मुलीची एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीचा रबर सापडत नव्हता. आमचे हे एक मोजा हातात घेऊन दुसऱ्याच्या नावानं घर डोक्यावर घेत होते. गाडी गॅरेजात अडकल्यापासून त्यांना बसनं जावं लागत होतं आणि घरात काहीही हरवलं की खापर गाडीवर फुटत होतं.

"तुझ्या मिस्त्रींना विचार, माझा मोजाही त्यांनीच खोलून ठेवलाय का."

तेवढ्यात दार वाजलं. घंटी असताना दार वाजवणारा माणूस आमच्या ओळखीत एकच. बटणाला काळे डाग पडू नयेत म्हणून मिस्त्री कायम कोपरानं दार ठोठावायचे. मी दार उघडलं तर समोर मिस्त्रीच, पण हात स्वच्छ धुतलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. लग्नाला निघाल्यासारखा माणूस आणि चेहरा मात्र उतरलेला.

"झाली गाडी?" मी विचारलं.

"नाही झाली, वहिनी. तेच सांगायला आलो. तुम्ही ती दुसरीकडे द्या."

मोज्याची शोधाशोध थांबली. आमचे हे तसेच एका पायात मोजा घालून बाहेर आले. त्यांच्या ओठांवर काहीतरी टोमणा होता, तो त्यांनी गिळला. मिस्त्रींच्या तोंडून "दुसरीकडे" हा शब्द आम्ही दोघांनीही कधी ऐकला नव्हता.

आमच्या रस्त्याच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली त्यांचं गॅरेज. माझ्या सासऱ्यांची पहिली गाडी त्यांच्याकडे जायची. आता आमची तिसरी जाते. हाताखाली पूर्वी दोघे होते. दोघांनी आपापली दुकानं थाटली आणि ती मिस्त्रींच्या दुकानापेक्षा चकचकीत आहेत. याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. "माझ्याकडे शिकले म्हणजे माझ्यासारखंच गरीब राहायला पाहिजे का?" असं म्हणून हसायचे.

त्यांची एक पद्धत होती. काम संपलं की गाडीची चाचणी स्वतः घ्यायची, आणि बसण्याआधी डाव्या पायातला बूट काढायचा. क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो ना. "बुटातून गाडीचं बोलणं ऐकू येत नाही, वहिनी. तळव्याला सगळं कळतं. कुठं धरतो, कुठं सोडतो, कुठं थरथरतो." काढलेला बूट ते गाडीच्या मालकाच्या हातात द्यायचे. मोठमोठे साहेब भर रस्त्यात तो तेलकट बूट सांभाळत उभे राहायचे आणि मिस्त्री चक्कर मारून येईपर्यंत त्यांना तो खाली ठेवायचा धीर व्हायचा नाही. माझ्या सासऱ्यांनीच त्यांचं नाव "एकबुट्या" ठेवलं. मिस्त्रींना ते माहीत होतं. "तुमच्या मामंजींनी माझं बारसं केलं," असं मलाच सांगायचे.

त्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं, चहा ठेवला. कप हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. नवा क्लच बसवला आणि पहिलाच गिअर टाकताना कर्रर्र आवाज. इंजिन बंद असलं की गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो. चालू केलं की दात खातो. त्याचा अर्थ एकच, क्लच पूर्ण सुटत नाही. म्हणून केबल ताणून बघितली. पायडलखाली पायपुसणं अडकतंय का बघितलं. ऑइल बदललं. क्लचची प्लेट उलटी तर बसली नाही ना, म्हणून गिअरबॉक्स उतरवला. सरळच होती. पुन्हा चढवला, पुन्हा तोच आवाज. मग प्लेटच दुसरी आणून घातली. तरी तेच.

"आणि ही एकच नाही," ते खाली बघत म्हणाले. "डॉक्टरीणबाईंच्या गाडीलाही नवा क्लच घातला. तीही अशीच. मी म्हटलं, अजून दोन दिवस द्या. त्यांना घाई होती, तशीच घेऊन गेल्या. भेटल्या की म्हणतात, छान चालते हो. म्हाताऱ्याला लोक असंच सांगतात, वहिनी."

"काहीतरीच काय!"

"मुलगा बोलावतोय त्याच्याकडे. मी म्हटलं होतं, ही गाडी जमली तर राहतो, नाही जमली तर शटर ओढतो. काल त्याला फोन करून येतो म्हणून सांगितलं." मग जरा हसले. "त्याची गाडी दोन पायडलांची आहे. क्लचच नाही. डाव्या पायाला कामच नाही त्यात, जावयासारखा नुसता बसलेला असतो."

आम्ही हसलो.

मुलगी शाळेत गेली, आमचे हे दोन रंगांचे मोजे घालून बससाठी धावले आणि मी मिस्त्रींबरोबर निघाले. म्हटलं, दुसरीकडे द्यायची तर निदान गाडी घरी तरी आणू. रस्त्यानं ते माझ्यापेक्षा हळू चालत होते. डावं पाऊल जरा उशिरा उचललं जात होतं, आपटून टेकत होतं. वयानं असेल, असं मला वाटलं.

गॅरेज झाडून ठेवलेलं होतं. नट-बोल्टचे पाने आकारानुसार भिंतीला टांगलेले होते. एका कोपऱ्यात खोकी बांधून ठेवली होती. माणूस खरंच निघाला होता.

"बघा आता तुम्हीच," म्हणत त्यांनी डाव्या पायातला बूट काढला आणि सवयीनं माझ्या हातात दिला. गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, गिअर ढकलला. कर्रर्र. माझ्या दाढांपर्यंत तो आवाज आला. पुन्हा ढकलला, पुन्हा तेच. त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहिले.

"मी बघू चालवून?"

"दात जातील गिअरचे. माझ्या पायाखालून नीट गेल्याशिवाय मी कुणाला..." बोलता बोलता ते थांबले. "चालवा. आता काय, तुमचीच गाडी."

ते उतरले. बूट मी त्यांच्याकडे परत दिला, तो त्यांनी काखेत धरला. मी बसले, इंजिन सुरू केलं, घाबरत घाबरत क्लच पार तळापर्यंत दाबला आणि गिअर टाकला. काहीही आवाज नाही. मला वाटलं, पडलाच नाही. पण गाडी अलगद पुढे सरकली. फाटकापर्यंत नेली, उलटा गिअर टाकला, मागे आणली. तोही मुकाट पडला. इतकी हलकी आमची गाडी नवी असतानाही नव्हती.

मी खिडकीतून ओरडलेच, "अहो, झालीय की!"

मिस्त्री फाटकाला टेकून उभे होते. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. तो जास्तच गोंधळला.

"माझं मन राखू नका, वहिनी."

"मी मन राखीन, गिअर कशाला राखेल? आवाज झाला का? तुम्हीच सांगा."

आवाज झाला नव्हता. त्यांनीही तो ऐकला नव्हता. ते घाईघाईनं आले, बूट पुन्हा माझ्या हातात कोंबला आणि चालकाच्या जागी बसले. या वेळी मी बाहेर थांबले नाही. शेजारच्या सीटवर बसले. बूट मांडीवर होता आणि आतून ओलसर लागत होता.

त्यांनी क्लच दाबला, गिअर ढकलला. कर्रर्र.

मी खाली बघितलं. पायडल निम्म्यावरच थांबलं होतं. त्याच्याखाली माझी मूठ मावली असती.

"मिस्त्री, पूर्ण दाबा ना."

"पूर्णच दाबलाय."

"अजून दाबा."

"अहो, तळाला टेकलाय!" पहिल्यांदाच ते माझ्यावर चिडले. मग माझी नजर कुठं आहे हे बघून त्यांनीही खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे. पाय उचलला तेव्हा त्यांच्या टाचेत काहीतरी चमकलं. लेथवर लोखंड कातताना निघतो तसला एक वळलेला कीस होता. आत रुतलेला. भोवती रक्त साकळून काळं झालं होतं.

"टाचेला काय लागलंय तुमच्या?"

"कुठं?"

त्यांनी इंजिन बंद केलं, पाय मांडीवर घेतला आणि शर्टाचा सुटलेला दोरा ओढावा तसा तो कीस ओढून काढला. ताजं रक्त आलं. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

माझ्या आईच्या पायांचं असंच झालं होतं, शेवटच्या वर्षांत. साखरेनं. गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची आणि कातडं लाल झालं तरी म्हणायची, अजून जरा गरम हवं होतं. ते मी मिस्त्रींना सांगितलं.

"साखर आहे मला," ते म्हणाले. "गोळ्या घेतो. आठवण झाली की."

मग ते बोलू लागले, पण माझ्याशी नाही. एखाद्या गाडीचं दुखणं शोधताना स्वतःशी पुटपुटावं तसे. "जुना झिजलेला क्लच वरच सुटतो. अर्ध्यात काम होतं. नवा खाली सुटतो, त्याला पाय पार तळाला न्यावा लागतो. म्हणून जुन्या गाड्यांत कळलं नाही. नवा घातला की दात खायच्या. सगळ्या." थांबले. "म्हणजे डॉक्टरीणबाई खरं बोलत होत्या."

"तुमचं काम कुठंच चुकलेलं नाही, मिस्त्री," मी म्हटलं. मला वाटलं, याहून मोठा दिलासा नसेल.

त्यांनी टाचेवर अंगठा दाबून धरला होता. "काम चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं, वहिनी."

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, कुणाचा तरी कुत्रा भुंकला. मी पर्समधला रुमाल दिला. तो घ्यायला ते तयार होईनात, डाग पडतील म्हणून. शेवटी मीच वाकून टाचेला बांधला. त्यांना गाठ घट्ट झाली का विचारणार होते, आणि जीभ चावली.

"आत्ताच दवाखान्यात जाऊ," मी म्हटलं. "या जखमेचं असं ठेवून चालत नाही. मी नेते."

"जाऊ. जाऊ ना."

त्यांनी माझ्या मांडीवरचा बूट घेतला, पायात चढवला. नाडी बांधायला वेळ लावला. मग उतरले, गाडीच्या पुढून वळसा घातला. चालताना एक हात बॉनेटवर टेकवत होते. मी सरकून चालकाच्या जागी बसले. ते माझ्या शेजारी, मघाशी मी बसले होते तिथे येऊन बसले. दार ओढून घेतलं. आपली खोकी, टांगलेले पाने, छपरातून येणारी उन्हाची तिरीप, सगळीकडे एकदा बघितलं. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

त्यांनी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला.

"वहिनी, क्लच तुम्ही दाबा. पार तळापर्यंत. पहिला गिअर एकदा मला टाकू द्या."