उपायुक्त भानुदासांचं 'आम्ही'

भानुदास नागपूरहून अमेरिकेत आला तो डिप्लोमा घेऊन, आणि लागला पार्सिपनी गावाजवळच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात, मशीनवर. तिथेच पंडित भेटला. दोघांनी मिळून युनियन बांधली. पहिला संप जिंकला तेव्हा पंडितने त्याला खांद्यावर घेऊन पार्किंग लॉटभर नाचवलं होतं. पुढे राज्याच्या कामगार खात्याने भानुदासला उपायुक्त म्हणून बोलावलं, त्याचे पेढेही पंडितनेच वाटले. भानुदासची बायको संघमित्रा तेव्हा म्हणाली होती, नोकरी ह्यांची आणि मिरवतात पंडितभाऊ.

शहाऐंशीच्या वसंतात त्याच कारखान्यात पुन्हा संप झाला. कामगार बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी मालकाने गेटला कुलूप घातलं. टाळेबंदी धरली तर कामगारांना बेकारभत्ता मिळणार होता, संप धरला तर नाही. हे ठरवणारी सही भानुदासची होती.

रविवारी पंडित घरी आला. संघमित्राने चहा ठेवला.

"भानू, यार, कुलूप त्यांनीच लावलं ना? मग टाळेबंदी लिही. सिंपल आहे."

"आधी बाहेर कोण पडलं?"

"तू असतास तर तूही पडला असतास. सगळ्यांच्या पुढे."

भानुदास कपाकडे बघत म्हणाला, "आम्ही दोन्ही बाजू तपासतो आहोत."

पंडित हसला. "वहिनी, ऐकलंत? आम्ही! आजवर ह्याच्या तोंडी 'आपण' सोडून शब्द नव्हता. आपण गेटवर जाऊ, आपण मागे हटायचं नाही. ह्या 'आम्ही'त मी कुठे आलो?"

"ऑफिसात बोलून सवय लागते रे."

"लागते खरी," म्हणून पंडित उठला. चहा अर्धा तसाच राहिला.

"अहो, काय लिहिणार तुम्ही?" संघमित्राने विचारलं.

"झालं तेच. खोटं लिहिलं तर मालक कोर्टात जाईल आणि जिंकेल."

"मग हे पंडितभाऊंना का नाही सांगितलंत?"

भानुदासने पंडितचा अर्धा कप उचलून सिंकमध्ये ओतला.

त्याने 'संप' असंच लिहिलं. भत्ता मिळाला नाही, तशी माणसं हळूहळू कामावर परतली. पंडितला मात्र परत घेतलं नाही.

वैशाख पौर्णिमेची बुद्धवंदना दरवर्षी पंडितकडे असे. त्याची बायको शोभा हिचा फोन आला. "ताई, खिरीला लवकर या. तुम्ही या." पुढे ती अडखळली आणि तिने फोन ठेवला.

भानुदासने तरीही पांढरा सदरा चढवला. संघमित्राला दारात सोडलं आणि तो गाडीतच बसून राहिला. ती स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून बघत होती. पंडित बाहेर गेला, गाडीपाशी वाकला. खिरीच्या पातेल्यातला तिचा डाव थांबला.

"साहेब," पंडित म्हणाला, "गाडी जरा पुढे घ्या. लोक यायचेत."

भानुदासने मान हलवली आणि गाडी चालू केली.

"ताई, खाली लागतंय," शोभा म्हणाली.

संघमित्राने गॅस बारीक केला आणि पुन्हा ढवळायला लागली.