सहा आठवड्यांची वडी

“म्हणजे मी खोटारडा, असंच ना वहिनी?”

“मी तुम्हाला कुठे काय म्हटलं, भाऊजी? मी फक्त मांडणीकडे बघतेय.”

“सकाळपासून बघताय! हॉटेलचा टेम्पो येईल आत्ता. पाचशे वड्या मागितल्या, पाचशे भरल्या. कौतुक राहिलं बाजूला—”

“भरल्या, पण आणल्या कुठून? मी लेकीकडे गेले तेव्हा तीनशेच मुरलेल्या होत्या. चार दिवसांत दोनशे वड्या म्हाताऱ्या झाल्या?”

दीर खोक्याला चिकटपट्टी लावत राहिला.

नवरा गेल्यावर तिने याच मागच्या खोलीत एक पातेलं आणि चार साचे घेऊन साबण सुरू केला होता. वर्षाला एक मांडणी वाढवायची. त्याहून एक फळीसुद्धा जास्त नाही. ओतलेली वडी सहा आठवडे मुरायची. मग ती स्वतः जीभ लावून बघायची. चटका बसला की साबणातला कॉस्टिक सोडा अजून जिवंत. माल परत फळीवर. गल्लीतल्या बायका तिला साबणचाटी म्हणून हसायच्या, आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीला तिचाच साबण न्यायच्या.

“अंथरूण पाहून पाय पसरा म्हणता,” दीर कुरकुरला, “पण तुमचं अंथरूण हातरुमालाएवढं! हे गिऱ्हाईक गेलं तर परत फिरकणार नाही.”

“आणि एखाद्या पोराची कातडी सोलली तर?”

ती चौथ्या मांडणीपाशी वाकली. फळीवर खडूने तारीख होती, सहा आठवड्यांपूर्वीची. पण ती डावखुरी. तिचे आकडे डावीकडे कलंडायचे. हे आकडे शाळेतल्या पोरांसारखे ताठ उभे होते.

“अक्षर सुधारलं वाटतं माझं,” ती म्हणाली.

“पुसलं गेलं होतं. मी परत लिहिलं.”

“मोठं काम केलंत.” तिने उघड्या खोक्यातली एक वडी उचलली. मुरलेली वडी हाताला हलकी लागते. ही जड होती. कडेवर नख दाबलं, तर ते आत रुतलं.

दाराशी टेम्पोचा भोंगा वाजला.

तिने वडी त्याच्या तोंडासमोर धरली. “मुरलीय म्हणता ना? मग लावा जीभ.”

दिराने वडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. हातातली चिकटपट्टी खोक्यावर ठेवली आणि चपला न घालताच तो बाहेर निघून गेला.