ओली राख

रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर चिंतामणी ढोबळ्यांनी कांचघर मोहल्ल्यात, घराच्या पुढच्या खोलीत, वेल्डिंगचं दुकान टाकलं. यंत्रांच्या झिजलेल्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, ते धातूचा थर चढवत. आधी शाफ्ट शेकायचा, मग थर द्यायचा, मग कोरड्या राखेत पुरून दिवसभर सावकाश निवू द्यायचा. बाळंतिणीसारखा जपा, वारा लागू देऊ नका, असं ते म्हणत. झटकन निवलेला थर कडक होतो. पण धक्का बसला की तडकतो.

त्या हिवाळ्यात पनागरचे साहूजी तांदळाच्या गिरणीचा शाफ्ट घेऊन आले. दुसरीकडे तो दोनदा थर देऊन भरून घेतला होता, दोन्ही वेळा तुटला. गिरणी चालवणाऱ्याचा हात थोडक्यात वाचला होता. आता तुटणार नाही, असा शब्द चिंतामणींनी दिला.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट राखेतून निघाला. साहूजींनी थरावर कानस चालवली. ती नुसती घसरली. असा कडक थर पाहून साहूजी खूश झाले. चिंतामणींचा चेहरा उतरला. त्यांनी राखेत हात घातला. तळाला ओल होती.

ते आत गेले. त्यांच्या पत्नी राधाबाई भांडी घासत होत्या.

"राखेवर पाणी टाकलं काय?"

"उडून राहिली होती जी. भांड्याच्या राखेवर शिंपडते, तसंच शिंपडलं. काहून?"

ते तसेच वळले. बाहेर साहूजींची माणसं शाफ्ट जीपमध्ये चढवत होती. गप्प राहिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. त्यांनी शाफ्ट खाली ठेवायला लावला, थराच्या कडेला छिन्नी धरून हातोडा मारला. बांगडी फुटावी तसा तुकडा उडाला.

साहूजींनी तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाले, "भैया, कांचघर में तो कांच ही मिलेगा।"

"ग़लती मेरे घर की है। कल आइए।"

सगळा थर काढेपर्यंत दुपार झाली. तोवर राधाबाईंनी राख कढईत भाजली. चिमटीतून सोडून पाहिली, पुन्हा भाजली. शाफ्ट पुन्हा भरून त्या राखेत पुरला, तेव्हा त्या दारातच पाट टाकून बसल्या. कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कानस रुतली. बारीक कीस पडला. साहूजी घाबरले.

"ये तो घिस रहा है।"

"घिसेगा। टूटेगा नहीं।"

जीप गेली. राधाबाई पाटावरून उठल्या.

"आता तरी राख भांड्याला घेऊ काय?"